अठराव्या होलचा उतार

आमची भाताची खाचरं विकली गेली आणि तिथे गोल्फचं मैदान झालं. आप्पा, म्हणजे माझे वडील, रडत बसले नाहीत. ते तिथेच कॅडी झाले. खेळाडूची जडशीळ पिशवी खांद्यावर वाहायची आणि चेंडू कुठे वळेल ते सांगायचं. दर हिवाळ्यात तिथे व्यावसायिक खेळाडूंची मोठी स्पर्धा व्हायची, तेव्हा आप्पांचा भाव वधारायचा. शेवटचा, अठरावा होल, म्हणजे चेंडू घालायचा खड्डा, आमच्याच खाचरावर होता ना! बाकीचे कॅडी ओणवे होऊन, डोळे बारीक करून उतार शोधायचे. आप्पा फक्त आठवायचे, बांध फोडला की पाणी कुठे धावायचं. "हितनं डावीकडं," म्हणायचे, आणि चेंडू मुकाट डावीकडे जायचा.

एका वर्षी पावसाळ्यानंतर तिथली हिरवळ उकरून नव्याने बसवली होती. आप्पांनी सवयीने जुनं खाचरच वाचलं, "डावीकडं" म्हणाले. कोल्हापूरकडचा तरुण खेळाडू, शेवटचा फटका, चेंडू खड्ड्यात गेला तर स्पर्धा त्याची. चेंडू उजवीकडे वळला.

"माझाच हात हलला, मामा," तो आप्पांना म्हणाला.

"त्यो रडत व्हता गं, आन् मी नुस्ता हुबा," घरी आल्यावर ते मला म्हणाले. "फुडल्या साली येईल, तवा सांगतो त्येला, चूक माजी व्हती."

पुढल्या साली स्पर्धा झालीच नाही. प्रायोजक निघून गेले आणि ती कायमची बंद पडली. मी हिंजवडीत नोकरीला, मला ते फोनवरच्या बातमीत लगेच कळलं; मैदानावर कॅडींना कुणी काही सांगितलं नव्हतं. पण मी पडले अतिशहाणी. म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवायचं, म्हणून दोन हिवाळे सांगत राहिले, "यंदा अडचण आहे आप्पा, पुढच्या वर्षी होईल." आप्पा रोज संध्याकाळी मैदानावर जाऊन नवा उतार पाठ करायचे. कॅडीचं पांढरं जाकीट धुऊन खुंटीला टांगायचे. ते जाकीट बघून मला भडभडून यायचं, तरी मी बोलले नाही.

मग त्यांची एक बाजू लुळी पडली. खाटेवरून त्यांनी विचारलं, "औंदा कवा हाय?" तेव्हा कुठे मी खरं सांगितलं.

"तुला कवा कळलं?"

"पहिल्याच वर्षी."

"तवाच बोलली असतीस, तर त्येच्या गावाला गेलो असतो मी. एष्टीनं."

मी ओळखीपाळखीतून त्या खेळाडूचा नंबर मिळवला आणि अंगणात जाऊन फोन लावला. उताराचं सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "ताई, मी गेल्या वर्षी खेळ सोडला. वाटलं, माझा हातच बाद झाला."

मी आत आले. आप्पा दाराकडेच डोळे लावून होते.

"सांगितलंस? काय म्हनला? खेळतोय न्हवं अजून?"

"खेळतोय," मी म्हणाले.