दारासमोरची ओटी

फेब्रुवारी २०२१ मध्ये, बर्फाच्या आठवड्यात, उत्तर किनाऱ्यावरच्या एका बंधाऱ्याच्या दारासमोर माझ्या आईने पाण्याची ओटी भरली. मी त्या दाराचा फोटो घेण्याच्या आधी.

आतलं पाणी समुद्रात सोडायची ती जुनी लाकडी दारं उन्हाळ्यात बदलायची होती. एका छोट्या प्रकाशकाच्या पुस्तकासाठी मी किनाऱ्यावरची अशी कामाची बांधकामं टिपत होते: दारं, पंपघरं, लाटा अडवणारे खांब. सगळी बर्फात, आणि बर्फावर कुणाचं पाऊल नाही. हा नियम मीच प्रकाशकाला सुचवला होता. दुसरा नियम मी पूर्वी काम करायचे त्या पुण्यातल्या वर्तमानपत्रातला: फोटोत काही घालायचं नाही, फोटोतून काही काढायचं नाही.

आई वर्षभरापूर्वी पुण्याहून उइटहॉर्न या डच गावी आमच्याकडे आली आणि अडकली. विमानं बंद झाली. सुरू झाली तेव्हा तिची हिंमत होईना. बाबा पुण्यात एकटे होते. शेवटी तिने मार्चचं तिकीट काढायला लावलं. त्या दिवशी घरात एकटी नको म्हणून मी तिला सोबत नेलं आणि गाडीत बसवलं.

मी पलीकडच्या काठावर कॅमेऱ्याची तिपाई लावून समोर पाहिलं, तर ती पायऱ्या उतरून दारापाशी वाकली होती. तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू. पिशवी ती घरूनच भरून आली होती. ती वर आली तेव्हा पायरीपासून दारापर्यंत पावलांची ओळ गेली होती आणि परत आली होती.

गाडीत ती म्हणाली, "तू तिकडे कॅमेरा लावत होतीस, म्हटलं तोवर उरकून घेऊ. एवढ्या पाण्यावरून जायचंय मला. बाबा तिकडे कसे राहतात, तुला माहितीये."

मी सांगितलं की फोटो काढला, पण त्यात पावलं आली, म्हणजे तो वाया गेला. दुपारी बर्फ भुसभुशीत होऊ लागला होता. पुन्हा बर्फ पडला नाही.

घरी तिने कॉम्प्युटरवर फोटो पाहिला. दाराखाली पिवळा-लाल ठिपका दिसत होता.

"हे पुसता येतं ना तुला?"

"येतं. पुसायचं नसतं."

"वर्तमानपत्र सोडून दहा वर्षं झाली की तुला. अजून कोण ओरडणार आहे?"

मी हसले नाही. पुढचे दिवस ती फोनवर मावशीला, बाबांना, शेजारणीला तेच सांगत राहिली, की लेकीचं काम मी बिघडवलं. मी शेजारच्या खोलीत असायचे. तसं काही नाही, असं मी एकदाही म्हणाले नाही. विमानतळावर मास्क सारखा करत तिने पुन्हा माफी मागितली. मी तिला पासपोर्ट हातात ठेवायला सांगितलं.

ती सुखरूप पोचली. आठवड्याने व्हिडिओ कॉलवर तिने विचारलं, "त्या दाराच्या फोटोचं काय झालं गं?"

"घेतला प्रकाशकाने तो पुस्तकात," मी म्हणाले.

तिने मागे वळून बाबांना हाक मारली आणि ते सांगितलं. मग म्हणाली, पुस्तक आलं की एक प्रत मला पाठव.

उन्हाळ्यात दारं बदलली. पुस्तक पुढच्या वर्षी आलं. त्यात तो फोटो नाही. मी तो प्रकाशकाला पाठवलाच नव्हता. आईसाठी घेतलेली प्रत माझ्याकडेच आहे.