रिकामी गाडी खोटं बोलते

रस्त्यात कोणतीही गाडी उभी दिसली की ओव्हरसियर तिच्यासमोर उकिडवे बसायचे, एक डोळा मिटायचे आणि चाकांकडे बघत राहायचे. जीप असो, कोळशाचा ट्रक असो, नाहीतर धानाची बंडी. बंडीचे बैल त्यांच्याकडे बघायचे, ते चाकांकडे बघायचे. मग उठून गुडघे झटकत म्हणायचे, "कोनात गडबड आहे." मालकानं काही विचारलेलं नसायचं.

ब्रह्मपुरीत आमची घरं लागून होती. ते पाटबंधाऱ्यात, मी पोस्टात. ऐंशीनंतरची वर्षं. आळीत मोटार एकच, त्यांची. दोन दारांची जुनी हेराल्ड, कुण्या निवृत्त जंगल अधिकाऱ्याकडून घेतलेली. ओव्हरसियर अंगानं भरभक्कम आणि गाडी लहान, त्यामुळे ते आत बसले की ती कण्हायची. तरी जोरात चालवायची हौस दांडगी. सरळ रस्त्यावर कुणीही पळवतो, गाडीची परीक्षा वळणावर, असं त्यांचं मत होतं, आणि परीक्षा ते रोज घ्यायचे.

एका परीक्षेत गाडी नापास झाली. आरमोरीला नात्यातलं लग्न होतं. वाटेत जुन्या मालगुजारी तलावाच्या पाळीवरून रस्ता वळत खाली उतरतो, तिथे गाडीचं शेपूट बाहेर गेलं आणि गाडी नवरा-बायकोसकट धानाच्या बांधीतल्या चिखलात जाऊन बसली. लागलं कुणालाच नाही. बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, शाळेत शिकवायच्या आणि घरी कमी बोलायच्या. त्या बांधीतून वर आल्या, पदर पिळला, एस्टीला हात दाखवला आणि लग्नाला निघून गेल्या.

संध्याकाळी घरी ओव्हरसियर म्हणाले, "दोष वेगात नाई, कोनात आहे."

"मंग कोन दुरुस्त करा," बाई म्हणाल्या. "तोवर मी एस्टीनं जातो."

तेव्हापासून दोघं लग्नाकार्याला अशी जात: पुढे एस्टी, एस्टीच्या खिडकीत बाई, आणि मागे धूळ खात हेराल्ड. एस्टी थांब्यावर थांबली की हेराल्डही थांबायची. कंडक्टरच्या ते अंगवळणी पडलं होतं. गाडी जरा हळू चालवली तर बाई बसतील, असं मी एकदा सुचवून पाहिलं. मी पत्र उघडून वाचताना सापडल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ते बाई हळू चालवलं म्हणून बसंन, भाऊ. माह्यावर भरोसा आहे म्हणून नाई."

मग त्यांनी दुरुस्ती मनावर घेतली. त्या गाडीची मागची चाकं वरच्या एका आडव्या स्प्रिंगच्या पाट्यावर तोललेली होती. जोरात वळताना मागचा भाग उचलला की बाहेरचं चाक पोटाखाली दुमडायचं, पळताना पाय मुरगळावा तसं. बल्लारपूरच्या लोहाराकडून त्यांनी पाट्याचा बाक कमी करून घेतला. गाडी मागून खाली बसली, चाकांची डोकी आत झुकली, आणि ती आखाड्यात पाय फाकवून उभ्या पहिलवानासारखी दिसू लागली. पुढच्या चाकांचा रोख ते अंगणात दोरी ताणून बघत, कल गवंड्याच्या ओळंब्यानं.

हे सगळं गाडीत माणसं असतानाच करायचं, हा त्यांचा नियम. "रिकामी गाडी खोटं बोलते," ते म्हणायचे. पण बाई तर बसत नव्हत्या. म्हणून एक दिवस त्यांनी मला राईस मिलच्या काट्यावर उभं केलं, समाधानानं मान हलवली आणि माझं वजन बाईंएवढंच असल्याचं जाहीर केलं. मी तेव्हा काडीपहिलवान होतो. बाईंचं वजन त्यांना कसं कळलं, हे मी विचारलं नाही.

पुढे कितीतरी रविवार मी हेराल्डच्या डाव्या सीटवर बाई बनून बसलो. हलायचं नाही, ही एकच अट. उजवीकडे धानाचं पोतं आणि त्यावर जात्याची तळी, हे ते स्वतः. बाई खिडकीतून मला चहा द्यायच्या. एकदा पोत्याकडे बघून म्हणाल्या, "हे बरं आहे. गप बसते."

त्यांचं वजन जास्त आणि बाईंचं कमी, म्हणून पुढच्या उजव्या स्प्रिंगखाली त्यांनी लोखंडी चकती घातली. दोघं बसली की गाडी अगदी सपाट. रिकामी असली की उजवा खांदा वर करून उभी. आळीतले विचारत, गाडी वाकडी काऊन? ते सांगत, दोघं बसले की सरळ होते.

शेवटी मला घेऊन त्यांनी पाळीवरचं ते वळण मारून पाहिलं. परत आल्यावर बाईंनी मला विचारलं, कसं काय? मी खरं ते सांगितलं, की डोळे मिटले होते, पण पोटातला चहा जागचा हलला नाही.

पुढच्या लग्नाला बाई स्टँडकडे गेल्याच नाहीत. डावं दार उघडून बसल्या. मी मागे मधोमध, हिशेब बिघडू नये म्हणून. वळण आलं. त्यांनी वेग तसूभर कमी केला नाही. गाडी दोरीला धरून जावी तशी उतरली. बाईंनी मांडीवरचा डबा घट्ट धरला होता, तो सैल सोडला.

"आता येत जाईन," त्या म्हणाल्या.

ओव्हरसियरांनी पुढे जाऊन गाडी थांबवली, खाली उतरले आणि चाकासमोर एक डोळा मिटून बसले. बराच वेळ बसले. उघड्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. चाकात बघण्यासारखं काही नव्हतं.

काही वर्षांनी, एका उन्हाळ्यात, ते कालव्याच्या कामावर छातीत कळ येऊन गेले. त्यांच्याशिवाय आळी मला आवडेनाशी झाली. तुमच्याही आळीत असं एखादं माणूस असेल, ते असेपर्यंत त्याचं हसू येतं.

गाडी टिनाच्या शेडखाली होती. बल्लारपूरहून एक गिऱ्हाईक आलं, भोवती फिरलं आणि म्हणालं, डावी स्प्रिंग बसली, गाडी वाकडी आहे.

"स्प्रिंग बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "ते दोघांसाठी लावली आहे."

गिऱ्हाईक गेलं. बाई डावं दार उघडून आत बसल्या. गाडी आणखी डावीकडे कलली. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमी बसा बरं तिकडे."

मी स्टेअरिंगमागे बसलो. गाडी जराशी सावरली, पण सरळ झाली नाही. माझं वजन बाईंएवढं होतं, ओव्हरसियरांएवढं नव्हतं.

"पोतं आणू काय, बाई?" मी विचारलं.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. आम्ही तसेच कललेले बसून राहिलो.