औजारांचा पलंग

आमच्या घरी ट्रॅक्टरला औजार जोडायचं म्हणजे लगीन लावायचं काम. भावकी गोळा करा, कुणी रुसलं तर त्याची समजूत काढा, आणि सगळं पार पडल्यावर चहा सांगा. फरक इतकाच, की लग्नात नवरा-नवरीला कुठं उभं करायचं ते आधी ठरलेलं असतं. आमचं औजार कुठं पडलेलं असेल ते देवालाच ठाऊक.

औजार सोडायची आमच्याकडं एकच रीत. जिथं काम संपलं तिथं पिना काढायच्या आणि ट्रॅक्टर पुढं न्यायचा. पलटी नांगर बाभळीखाली आडवा. पेरणी यंत्र गोठ्याच्या दारात, त्याचे फण चिखलात रुतलेले आणि मधून एरंड उगवून माझ्या कमरेला आलेला. रोटाव्हेटर उकिरड्याशेजारी, तोंड भिंतीकडं करून, रुसलेल्या जावयासारखा. तसं पत्र्याचं शेड होतं की, खास औजारांसाठी म्हणून बांधलेलं. त्यात माझ्या दिराची बंद पडलेली मोटारसायकल होती, मागच्या निवडणुकीतले झेंडे होते, कुणाच्या तरी बारशाच्या खुर्च्या होत्या आणि एक कुत्री तिच्या पिल्लांसकट राहायला होती. औजारं तेवढी पावसात.

मग जोडायच्या दिवशी तमाशा. एकजण ट्रॅक्टरवर बसून मान वळवून वळवून बेजार. दीर लांब उभा राहून तळहातावर तंबाखू मळत मळत हुकूम सोडणार, मागं घे, आजून मागं, बस बस, लई आलं, आता पुढं घे. औजार मातीत एका अंगाला कललेलं, त्यामुळं ट्रॅक्टरच्या मागच्या दोन लोखंडी हातांपैकी एक औजाराच्या भोकाला लागायचा आणि दुसरा वीतभर वर राहायचा. मग दोघं-तिघं पहारी लावून औजार उचलणार आणि बाकीचे उंटावरून शेळ्या हाकणार. एवढं करून भोकाला भोक भिडलं, की पिन सापडत नसे. ती म्हशीच्या दाव्याला खुंटी म्हणून ठोकलेली असायची. कुणीतरी लोखंडी गजाचा तुकडा आणून कोंबायचं आणि म्हणायचं, चालतंय, काय होतंय.

काय होतंय ते आम्हाला कळलं. रोटाव्हेटरची एक बाजू एकट्यानं उचलायची ही आमच्या गावात मर्दानगीची परीक्षा समजली जायची. आमच्या ह्यांनी ती दर हंगामाला दिली आणि दर वेळी पासही झाले. शेवटच्या वेळी उचलायला वाकले ते वाकलेलेच राहिले. जीपमध्ये आडवं घालून लातूरला नेलं. डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिला आणि पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही म्हणून सांगितलं. ज्यांनी शिट्ट्या वाजवून त्यांना चढवलं होतं, ते भेटायला आले, चहा पिऊन गेले आणि जाताना म्हणाले, नशिबात असतंय एकेकाच्या.

माझं माहेर लोह्याकडचं. वडिलांचा ट्रॅक्टर भाड्यानं चालायचा, त्यामुळं स्टेअरिंग माझ्या हाताला लग्नाआधीच ठाऊक होतं. ह्यांची कंबर गेली आणि मी सीटवर चढले. गावानं लई कौतुक केलं. माझे व्हिडिओ काढून फिरवले, खाली फुलांची चित्रं टाकली, नारीशक्ती लिहिलं. त्याच गावानं मग हेही ठरवलं, की औजार जोडणं हे बाईमाणसाचं काम न्हाई. म्हणजे मी रान नांगरायचं, पण नांगर मिळावा म्हणून हॉटेलात बसलेल्या दिराची वाट बघत उभं राहायचं. शेतं वाटणीत वेगळी झाली होती, ट्रॅक्टर सामाईक होता, आणि दिराचं रान दर वेळी आधी व्हायचं. का, तर ते वाटेवर आहे.

मागच्या साली ह्याच खेळात आमचा हरभरा गेला. सोयाबीन निघालं, की रानात थोडी ओल असते. रोटा, म्हणजे रोटाव्हेटर, फिरवून माती भुसभुशीत करायची आणि पाठोपाठ पेरायचं. मधे वेळ घातला तर उलटलेली माती सुकते आणि बी कोरड्यात पडतं. दिराचं रान पेरून झालं. आमच्या रानात मी रोटा फिरवला आणि पेरणी यंत्र जोडायला घराकडं आले, तर दीर जोडणीची सगळी माणसं जीपमध्ये भरून नांदेडला कुणा पुढाऱ्याच्या सभेला निघून गेला होता. मी पहार घेऊन गोठ्याच्या दारातल्या चिखलात शिरले. जोर लावला, शिव्या दिल्या, शेवटी रडले. यंत्र तसूभर हललं नाही. सभा करून मंडळी आली तोवर ओल उडाली होती. हरभरा उगवला तो टकलावरच्या केसांसारखा. दीर बांधावरून बघून म्हणाला, बियाणं खराब निघालं वाटतं.

त्याच दिवशी मी मनाशी गाठ मारली, की पुढचा हरभरा कुणाच्या मेहरबानीवर पेरायचा नाही.

उन्हाळ्यात शेड रिकामं केलं. कुत्रीनं तेवढी समजूतदारपणे पिल्लं हलवली, बाकी सगळ्यांनी भांडण केलं. खाली शहाबादी फरशी सपाट बसवून घेतली. चाकूरच्या वेल्डरकडं जाऊन दर औजाराला लोखंडी अँगलची बुटकी चौकट सांगितली, खाली चाकं, वर जाड लाकडी ओंडके, म्हणजे औजाराची भोकं बरोबर ट्रॅक्टरच्या हातांच्या उंचीला येतात आणि थोडं इकडंतिकडं असलं तर ढकलून भिडवता येतं. वेल्डरनं विचारलं, मालकाला इचारलाव का. मी म्हणाले, मालकच बोलायलीय. त्याला ते पटलं नाही, पण चौकटी त्यानं चांगल्या केल्या. शेवटचं एकदा माणसं लावून औजारं त्यांवर चढवून घेतली. फरशीवर ट्रॅक्टरच्या चाकांसाठी पांढरे पट्टे मारले. पिना साखळीनं त्या-त्या औजाराला बांधून टाकल्या. म्हशीला लाकडाची खुंटी दिली.

दिरानं शेडच्या दारात उभं राहून सगळं बघितलं आणि म्हणाला, "वैनी, औजाराला पलंग केलाव व्हय? आता एक गोधडी बी शिवा."

झालं. गावाला तेवढंच पाहिजे होतं. येता-जाता मला विचारायचे, झोपली का औजारं, मच्छरदाणी लावली का. राग तर असा यायचा, की बोलणाऱ्याला त्या पलंगावर बांधून ठेवावं. पण खरं लागलं ते ह्यांचं बोलणं. बाजेवर पडल्या पडल्या, कमरेला पट्टा आवळलेला, आणि म्हणाले, एवढा खटाटोप कशाला, चार माणसं बोलावली की होत होतं की. मी आत जाऊन पीठ मळलं, ते जरा जास्तच मळलं गेलं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं सगळी औजारं धुऊन, हळदकुंकू लावून, झेंडूचे हार घालून पुजतात. एरवी औजारं एका जागी आणण्यातच अर्धा दिवस जायचा आणि रोटाव्हेटरला उकिरड्यातच जाऊन नारळ फोडावा लागायचा. ह्या साली सगळी फरशीवर ओळीनं उभी, शाळेतल्या पोरांसारखी. दिरानं मधोमध उभं राहून फोटो काढून घेतला आणि मोबाईलवर स्टेटस ठेवलं, आमचं नियोजन. आयत्या पिठावर रेघोट्या. संध्याकाळी तोच सभेवाला पुढारी आला, दिराची पाठ थोपटली, आणि दीर त्याला चाकांचा उपयोग समजावून सांगायला लागला. सगळा चुकीचा. मी चहा दिला, आणि त्यात साखर घातली नाही.

आणि नेमका त्याच दिवशी सोयाबीन निघालेल्या रानाला वापसा आला. पाय रुतेना, ढेकूळ मुठीत दाबलं की फुटायचं. म्हणजे रोटा आणि पेरणी आता लगोलग व्हायला पाहिजे. पण पुजलेल्या औजाराला नवमीला हात लावत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी दसरा. दसऱ्याला आमच्या गावात जोडणीला माणूस मिळणं म्हणजे अवसेला चांदणं. दिरानं रात्री जेवताना सांगून टाकलं, की माणसं दुपारनंतर बघू, आधी आमचं रान घेऊ, मग तुमचं. हे मान खाली घालून भात कालवत राहिले.

सकाळी देवाला दिवा लावला आणि ट्रॅक्टर काढला. ह्यांची बाज शेडसमोर होती. मागची चाकं पांढऱ्या पट्ट्यांवर धरून ट्रॅक्टर रोटाव्हेटरकडं मागं घेतला, खाली उतरले. डाव्या बाजूची पिन सरळ बसली. उजवीकडं बोटभर कमी पडत होतं. चौकटीला गुडघा लावला, रोटाव्हेटर फरशीवरून सरकला आणि दुसरी पिनही बसली. वरचा दांडा लावला, रोटा फिरवणारा शाफ्ट चढवला, खीळ अडकवली. रोटाव्हेटरच्या गळ्यात झेंडूचा हार होता तो तसाच राहू दिला.

तेवढ्यात दीर इस्त्रीचे पांढरे कपडे घालून बाहेर आला. ट्रॅक्टरच्या मागं मला बघून त्याचा हात सवयीनं वर गेला आणि तो म्हणायला लागला, मागं घ्या, आजून मागं. मागं घ्यायला काही उरलंच नव्हतं. हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला, मग त्यानं त्या हातानं केस सारखे केले.

"बरं मग, आधी आमच्यात घाला," तो म्हणाला. "वाटंवरच हाय."

"वाट तीच हाय भावजी," मी सीटवर चढत म्हणाले. "पन आज वाटंत थांबायचं न्हाई."

रोटा फिरवून परत आले, त्याला त्याच्या चौकटीवर बसवलं आणि पेरणी यंत्र घेऊन पुन्हा रानात गेले. कुणाला हाक मारावी लागली नाही. दिवस मावळायच्या आत आमचं सगळं रान ओलीत पेरून झालं. सीटवरून उतरताना मला गावातून मिरवणूक काढावीशी वाटत होती, माझीच.

घरी आले तेव्हा दीर आपट्याची पानं घेऊन उभा होता. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा, असं म्हणून माझ्या पाया पडला आणि हळूच विचारलं, उद्या आमचं पेरता का, माणसं किती आणू. मी सांगितलं, पेरते, माणसं नका आणू, नुसतं बी आणा.

शेडमध्ये यंत्र ठेवायला गेले तर हे बाजेवर नव्हते. भिंतीला धरत धरत शेडमध्ये आले होते आणि रोटाव्हेटरपाशी उभे होते. एका हातानं त्यांनी चौकट ढकलली. रोटाव्हेटर पुढं गेला. ओढली, तो मागं आला. पुन्हा ढकलली. ज्यानं त्यांची कंबर नेली ते धूड पाळण्यासारखं इकडून तिकडं जात होतं आणि हे त्याच्याकडं बघत होते. मग माझ्याकडं बघितलं.

"येवढंच व्हतं का गं?"

उन्हाळाभर मी उत्तरं साठवून ठेवली होती, एकापेक्षा एक झोंबणारी, ह्यांच्यासाठी, दिरासाठी, शिट्ट्या वाजवणाऱ्यांसाठी.

"हाव," मी म्हणाले, "येवढंच व्हतं." आणि त्यांचा ढिला झालेला पट्टा पुन्हा बांधून दिला.