बर्फपेटीतली बिअर

गावातली बिअरची फॅक्टरी बंद पडली तेव्हा क्लॅरेन्स वोयटा एकोणसाठ वर्षांचा होता. त्यातली एकतीस वर्षं त्याने बाटल्यांना लेबलं लावणाऱ्या यंत्रापाशी उभं राहून काढली होती. विस्कॉन्सिनच्या त्या भागातली बरीच गावं अशा एखाद्या फॅक्टरीवरच जगायची. आता बोलिंगच्या अड्ड्यावर परगावची बिअर येऊ लागली आणि पहिल्याच घोटाला लोक तोंडं वाकडी करू लागले.

"क्लॅरेन्स, तूच कर की लेका घरी," त्याच्याबरोबर बोलिंग खेळणारा स्टॅश म्हणाला. "जन्म गेला ना तुझा तिथे?"

सगळे हसले. क्लॅरेन्सही हसला, पण ते त्याला लागलं. बिअर होते कशी हे त्याला खरंच ठाऊक नव्हतं. बिअर बनायची ते भट्टीघर अंगणाच्या पलीकडे होतं. लेबलवाल्याचं तिकडे काय काम?

त्याने वाचनालयातून पुस्तक आणलं. मोड आणून वाळवलेला सातू भरडायचा, गरम पाण्यात तासभर मुरवायचा, खालून गोड पाणी गाळून घ्यायचं, मग ते हॉपच्या कडू फुलांबरोबर उकळायचं आणि निवल्यावर यीस्ट घालून आंबवायचं. तयार भांडी दुकानात मिळत होती. पण आयुष्यभर पाना-पक्कड हाताळलेल्या माणसाला ती घेणं कमीपणाचं वाटलं. त्याने सहलीची निळी बर्फपेटी काढली. जी थंडावा धरते ती ऊबही धरेल, असा त्याचा सरळ विचार. तळाशी तांब्याची नळी चौकोनात वळवून बसवली, गोड पाणी आत झिरपावं म्हणून करवतीने तिला बारीक चिरा पाडल्या आणि तिचं तोंड पेटीच्या तोटीला जोडलं.

पहिल्या दिवशी भरडलेला सातू गरम पाण्यात तासभर मुरवून त्याने तोटी उघडली. दोन कप गढूळ पाणी आलं आणि धार थांबली. त्याने फुंकून पाहिलं, पेटी हलवून पाहिली. छे! बायको अ‍ॅडलीन गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली. तिने आत हात घातला.

"अरे, हे तर पीठच केलंस तू! खळ झालीय नुसती."

"पुस्तकात भरडा म्हणून लिहिलंय."

"भरडा म्हणजे पीठ नव्हे. साल शाबूत ठेव. मी जेली गाळते ते बघतोस ना? पाण्याला वाट ठेवावी लागते, बाबा."

पुढच्या खेपेला दाणा जाडसर निघावा म्हणून तिने स्वतः भरडायच्या हातजात्याचा स्क्रू सैल केला. धार लागली, तीही काचेसारखी स्वच्छ. महिन्याभरात बाटल्या तयार झाल्या. स्टॅशने लागोपाठ दोन रिचवल्या आणि एकही टोमणा मारला नाही.

पण क्लॅरेन्सचं समाधान होईना. एका दुपारी कागदी पिशवीत दोन बाटल्या घेऊन तो एमिल टेसमरकडे गेला. टेसमर म्हणजे फॅक्टरीचा जुना ब्रूमास्टर, बिअर बनवणाऱ्यांचा प्रमुख, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, मुलीकडे राहणारा. एकतीस वर्षांत दोघं दोनदा बोलले असतील नसतील.

म्हाताऱ्याने ग्लास उजेडात धरला, वास घेतला, एक घोट बराच वेळ तोंडात घोळवला.

"आपल्या फॅक्टरीसारखी नाही ही."

क्लॅरेन्सचा चेहरा पडला. "हो, मिस्टर टेसमर. मी आपला असाच…"

"अरे, तशी नाही तेच बरं! शेवटची दहा वर्षं वरून हुकूम यायचा, सातू कमी करा, स्वस्तातला मका वाढवा. मी मान डोलवायचो. घरी बाटली आणायचीच सोडली होती मी." त्याने दुसरा घोट घेतला. "कुठल्या भांड्यात केलीस?"

"बर्फपेटीत."

म्हातारा खोकला येईपर्यंत हसला. मग काठी शोधत उठला. "चल, दाखव."

त्या शनिवारपासून तो गॅरेजात येऊ लागला. उलट्या खोक्यावर बसून दाण्यात बोटं घालायचा आणि ओरडायचा, "पाणी तापलंय जास्त! तुझा थर्मामीटर लबाड आहे." क्लॅरेन्सने तो उकळत्या पाण्यात धरला, चार अंश कमी दाखवत होता. दाण्याच्या पोटात त्या तासाभरात काय काय घडतं ते टेसमर सांगायचा आणि क्लॅरेन्स ढवळणं विसरून ऐकत राहायचा.

दोन उन्हाळे असे गेले. मग म्हाताऱ्याचे पाय चालेनात, तेव्हा दर रविवारी क्लॅरेन्सच बाटल्या घेऊन जाई. टेसमर दर वेळी खोट काढायचा: फुलं जास्त झाली, घाई केलीस, फेस पातळ आहे. एका रविवारी मात्र त्याने एकही खोट न काढता ग्लास रिकामा करून खाली ठेवला.

क्लॅरेन्स घाबरला. "बरं वाटत नाही का तुम्हाला? मुलीला बोलावू?"

"मला काय धाड भरलीय!" म्हातारा खेकसला. "बघत काय बसलास, दुसरी उघड."