विहिणीचा तास

मला माझ्या विहिणीचा हेवा वाटतो. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढं कुणाला वाटायला नको की म्हातारी नातींच्या काळजीनं बोलत होती. काळजी होती, पण ती नंतर.

आमची वस्ती राहात्याच्या बाहेर, पेरूच्या बागेत. घरात मुलगा, सून, तीन नाती आणि मी. सून मूळची नगरची, शिकलेली. घरात बसूनच कंपनीचं काम कॉम्प्युटरवर करते. थोरली नात तेरा वर्षांची, मधली नऊ, धाकटी सहा. शाळेची गाडी सगळ्या वस्त्यांवरून फिरत जायची. जायला दीड तास, यायला दीड तास. मधली गाडीत रोज ओकायची. सुनेनं दोन वर्षं गोळ्या, लिंबू, पिशव्या सगळं करून पाहिलं आणि एक दिवस सांगितलं, जूनपासून तिघी घरीच शिकतील.

गावात बोलणं झालं. तिन्ही मुली आणि तिन्ही शाळेतून काढल्या, म्हणजे यांना लग्नं उरकायची दिसतात, असं बायका म्हणाल्या. मीही घरात आदळआपट केली. मला चौथीनंतर काढलं तेव्हा पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि मधे ओढा होता. इथं गाडी दारात येत होती. पण सून वाद घालत नाही. ती सगळं ऐकून घेते आणि तिला करायचं तेच करते.

एप्रिलभर तिचं निवडणं चाललं. पलंगावर तीन ढीग. थोरलीचं लवकर मिटलं. ती मुक्त शाळेतून परीक्षा देणार, तिची पुस्तकं ठरलेली. मग सुनेनं तिला विचारलं, आणखी काय शिकायचंय तुला? पोरगी पाय हलवत बराच वेळ विचार करत बसली आणि चित्रकला म्हणाली. राहात्यात आठवड्यातून दोन दिवस क्लास लागला. मधलीनं बुद्धिबळ मागितलं, ते मोबाईलवर मिळालं. मी दारात उभी राहून ऐकत होते. मला त्या पोरींचाही हेवा वाटला. मी तेरा वर्षांची असताना माझ्याबद्दल एकच प्रश्न विचारला गेला होता, हिला भाकरी येतात का. तोही माझ्या आईला विचारला होता.

अडलं ते धाकट्या दोघींचं. सुनेसमोर दोन वाटा होत्या. एक, सरकारी मराठी पुस्तकं आणायची आणि रोज एक तास नगरच्या आजीनं, म्हणजे सुनेच्या आईनं, फोनवर समोर दिसत शिकवायचं. विहीण प्राथमिक शाळेत बाई होती, आता निवृत्त आहे. दुसरी, एका कंपनीचा इंग्रजी खोका मागवायचा. त्यात पुस्तकं, चित्रांची पानं, कोणत्या दिवशी काय करायचं ते सगळं लिहून येतं. दोन्ही एकदम नको, पोरींवर भार होईल, एका वर्षी एकच, असं सुनेचं म्हणणं.

विहिणीनं तास मागितला होता संध्याकाळी पाचचा. आणि पाच ही माझी वेळ होती.

तिन्ही नातींना अक्षरं मी शिकवली. बाजरी निवडायच्या सुपात बोटानं काढून. तेव्हा कुणी कुठला अभ्यासक्रम निवडला नव्हता. थोरली आणि मधली वाचायला लागल्या आणि आपापल्या वाटेनं गेल्या. धाकटी मात्र रोज पाचला पुस्तक घेऊन माझ्याजवळ बसायची. मी शेंगा फोडायची, ती मोठ्यानं वाचायची. चुकली की मी मान वर न करता बरोबर शब्द सांगायची. स्वयंपाक सुनेनं कुकर-मिक्सरवर नेला, बाग मुलानं ठिबकवर नेली. माझं म्हणावं असं घरात ते एकच काम राहिलं होतं.

मे महिन्यात विहीण आठ दिवस राहायला आली. खादीची साडी, चष्म्याला दोरी, हातात पुस्तकांची पिशवी. सून मला आत्या म्हणते, तिला आई म्हणते, यात वावगं काही नाही. पण तिचा ‘आई’ म्हणतानाचा आवाज वेगळा असतो. पहिल्याच दिवशी पाचला धाकटी वाचायला बसली. एका शब्दाला अडखळली, मी सांगितला. पुढं पुन्हा अडली, मी पुन्हा सांगितला.

विहीण हळूच म्हणाली, “ताई, मधे टोकू नका. तिचं तिला सापडू द्या.”

मी शेंगा फोडत राहिले. पोरगी अडली, थांबली, ओठ हलवले आणि तिचं तिला सापडलं. विहिणीनं नुसती मान हलवली. धाकटीनं तोंड तिकडं वळवलं आणि उरलेलं पान तिच्याकडं बघून वाचलं. विहिणीचं चुकलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती गेली त्या दिवशी पोरी तिला बाईआजी म्हणायला लागल्या होत्या.

जूनच्या तोंडावर जेवताना सुनेनं सगळ्यांना विचारलं, काय करू? मुलगा म्हणाला, तुला ठीक वाटेल ते. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. मी ताटातच बघत म्हणाले, “इंग्रजी घे. पुढं इंग्रजीबिगर कुत्रं इचारत न्हाई.”

सून भाकरी मोडायची थांबली. “आत्या, तुम्ही म्हणताय?”

“मीच म्हनते. मराठी घरात बोलतोच की आपण.”

मुलाला एवढं कौतुक वाटलं की त्यानं ते बागेत मजुरांना सांगितलं. आठवडाभर मी सुधारलेली सासू म्हणून मिरवले. शेजारच्या वस्तीवरच्या बाईनं तर तिच्या सुनेला माझं उदाहरण दिलं. खोटं बोलल्याचं मला काही वाटलं नाही. विहिणीचा तास बसला नव्हता आणि पाचची वेळ माझीच राहिली होती.

खोका एस.टी. स्टँडवरून आणावा लागला, वस्तीवर कुरियरवाला येत नाही. पोरी त्याच्याभोवती दोन दिवस नाचल्या. खोक्यानं काम चांगलं केलं, हे मी नाकारत नाही. मधली सकाळी आपणहून उठून बसायला लागली. तिचं ओकणं थांबलं, अंग भरलं.

धाकटी पाचला आली, पण हातात इंग्रजी पुस्तक. मी म्हटलं, वाच. तिनं वाचलं. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. चित्रात कोंबडी होती, तेवढी कळली. पण मी काही म्हटलं नाही तर ती उठून आईकडं जाईल, म्हणून प्रत्येक ओळीला मी ‘बरोबर’ म्हणत गेले. दुसऱ्या दिवशी तसंच. आठ-दहा दिवस चाललं. मला वाटलं, जमतंय.

मग एक दिवस ती वाचता वाचता थांबली आणि माझ्याकडं टक लावून बघायला लागली.

“आजी, बरोबर वाचलं?”

“बरोबर.”

“मी मुद्दाम चुकीचं वाचलं.”

तिनं वाईट मनानं केलं नव्हतं. तिला फक्त बघायचं होतं. मधली खोलीतून हसत बाहेर आली, थोरलीनं तिला गप्प केलं. धाकटी पुस्तक मिटून म्हणाली, “मम्मीला दाखवते आता, तिला येतं.” आणि गेली. दुसऱ्या दिवशी पाचला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी हाक मारली तर म्हणाली, मराठीचा अभ्यास नाहीये ना आजी, मग काय वाचू? सहा वर्षांच्या पोरीचं म्हणणं बिनचूक होतं. आणि तो अभ्यास मीच काढून टाकला होता.

दोन आठवडे मी शेंगा फोडल्या. मराठीची जुनी पुस्तकं धाकटीला पाठ झाली होती, ती तिला पुन्हा नको होती. सुनेला सांगावं तर सगळं कारण सांगावं लागलं असतं. मुलाला सांगण्यात अर्थ नव्हता. मग एक दुपारी सून कामात असताना मी तुळशीपाशी जाऊन, तिथं रेंज येते, विहिणीला फोन लावला. इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्या. पेरू कसा आहे, गुडघे कसे आहेत. मग मी एकदम बोलले, कारण हळूहळू मला जमलं नसतं.

“विहीनबाई, इंग्रजी घे म्हनून मीच बोलले. तुमचा तास बसू न्हाई म्हनून.”

 

“ते मला कळलं होतं,” ती म्हणाली. “माझ्या मुलीला नाही कळलं.”

“मग तवाच बोलला का न्हाई?”

“काय बोलणार? पाचची वेळ मीही मुद्दामच मागितली होती. मी निवृत्त आहे ताई, मला दिवसभरातली कुठलीही वेळ चालली असती.”

मी तुळशीच्या कट्ट्यावर बसले. ती म्हणाली, तुमच्याकडं पोरी रोज असतात, मला सुट्टीतले आठ दिवस. चाळीस वर्षं लोकांची पोरं शिकवली आणि माझ्या नातींना अक्षरं तुम्ही आधीच शिकवून ठेवलेली, माझ्यासाठी काही ठेवलंच नाही. ती रडली नाही, मीही नाही. आम्ही दोघींनी व्यवहार केला. खोका सकाळचा राहील, मराठी आठवड्यातून तीन दिवस, चारला. पाचला नाही.

सुनेला तिनंच पटवलं. मला पोरींची आठवण येते, एवढंच तिला सांगितलं. माझं नावही घेतलं नाही. तिचा हा मोठेपणा मला सहन होत नाही. तिनं मला पकडून दिलं असतं तर आम्ही बरोबरीत राहिलो असतो.

आता सोमवार, बुधवार, शुक्रवार चारला विहीण फोनमध्ये दिसते. धाकट्या दोघी समोर बसतात. मी आत असते, पण ऐकू येतं. ती चांगली शिकवते. एका गोष्टीतून दहा गोष्टी काढते आणि पोरी त्या ऐकत बसतात. माझ्याकडं अशा दहा गोष्टी नाहीत. मी तिथं बसले तर माझं तोंड दिसेल, म्हणून बसत नाही.

पहिल्या तासाच्या शेवटी तिनं धाकटीला गृहपाठ दिला. हा धडा आजीला मोठ्यानं वाचून दाखव, आणि आजी काय म्हणाली ते मला परवा सांग. तेव्हापासून दर तासाला तोच गृहपाठ असतो. बरोबर पाचला पोरगी पुस्तक घेऊन येते, मांडी घालते आणि आधी सांगते, बाईआजीनं सांगितलंय. हे ती दर वेळी सांगते आणि ते मला दर वेळी टोचतं. मग मी सूप बाजूला सारते आणि म्हणते, वाच. एकदा वाचून झालं की पुन्हा वाचायला लावते, कारण दुसऱ्यांदा वाच असं विहिणीनं सांगितलेलं नसतं.