वजनाला लावलेली गाडी

टेपचं बटण घट्ट आहे. पोलादी पट्टी बाहेर ओढली की तिला जागच्या जागी अडवून धरणारं ते लाल बटण. त्याच्या एका कडेला गंज धरला आहे, आणि ते खाली बसायला जेवढा जोर लागतो तेवढा वृंदाच्या अंगठ्यात नाही. त्यामुळं दर वेळी आकडा नीट वाचायच्या आत पट्टी सर्रकन आत जाते, आणि तिला पुन्हा गाडीच्या मागच्या चाकापाशी गुडघे टेकावे लागतात.

आत्ताही ती तशीच टेकली आहे. ऑक्टोबरातली दुपार, घराचा पोर्च, वर एक पंखा. खांबाला दोरानं सरळ बांधलेली उंच मोटरसायकल, आणि तिच्या सीटवर माणसासारखं बसवलेलं वाळूचं पोतं. मागच्या आसापासून सीटखालच्या खडूच्या रेघेपर्यंतचं अंतर ती मोजते. पट्टी निसटते. पुन्हा मोजते. अंतर बरोबर आहे, कंपनीच्या कागदावर छापलंय तेवढंच. मग गाडी खड्ड्याला उडते कशामुळं?

गाडी धैर्यशीलची, तिच्या नवऱ्याची. सुट्टीच्या दिवशी मसाई पठाराच्या दगडधोंड्यांवरून ती घेऊन जायची त्याला भारी हौस. नवा शॉकॲब्सॉर्बर आणि त्याला चिमट्याशी, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याशी, जोडणारे लिंक त्यानंच मागवले होते, आपलं वजन कळवून. खोकं घरी पोचलं तेव्हा तो नव्हता. कारखान्यात उभ्या उभ्या छातीत कळ आली आणि संपलं. दोन वर्षं ते खोकं कपाटावर पडून राहिलं. या उन्हाळ्यात वृंदानं ते उतरवलं. ती कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. नकाशा बघून नट-बोल्ट जुळवणं तिला जड गेलं नाही. जुना शॉक काढला, नवा बसवला, लिंक बदलले, सांध्यांतल्या बुशांना ग्रीस भरलं. फाटकापासून कोपऱ्यापर्यंत चालवून पाहिली, तर प्रत्येक खड्ड्याला गाडीचं मागचं अंग तिला वर फेकतं. तीनदा उघडून तीनदा बसवून झालं, तरी तेच.

आज संध्याकाळी धाकटा दीर, उदय, टेम्पो घेऊन येणार आहे. उद्या खंडेनवमी. नेजदारांच्या, म्हणजे तिच्या सासरच्या, घरात रीत अशी, की ज्याच्या हाती वाहन त्यानंच त्याची पूजा करायची. गेली दोन वर्षं इथं येऊन हार उदयनंच घातला. यंदा तो म्हणाला होता, वहिनी, उभी राहून गाडी कुजते, मला द्या, मी चालवीन. त्यात वावगं काही नव्हतं. वृंदा म्हणाली होती, मागच्या चाकाचं काम झालं की सांगते. हे ती उन्हाळ्यापासून सांगते आहे. शेवटी त्यानंच आजचा दिवस ठरवला, आणि तिनं नाही म्हटलं नाही.

टेप मांडीवर ठेवून ती भिंतीला टेकते. पट्टी आत गेलेली आहे. पंखा एका फेरीत एकदा कुरकुरतो. ती कुरकुर मोजू लागते आणि मोजता मोजता आकडे एकमेकांत मिसळतात.

"हे कोण बसवलंयस माझ्या गाडीवर?"

धैर्यशील चाकाच्या पलीकडे उकिडवा बसला आहे. चिंधीच्या बोळ्यानं हात पुसतो आहे, पण हात स्वच्छच आहेत. तो आला त्याचं तिला नवल वाटत नाही. उशीर केला, एवढंच वाटतं.

"वाळू आहे," ती सांगते. "तुमच्या वजनाची. थोडी थोडी काट्यावर तोलून, पोतं सीटवरच ठेवून भरली."

तो पोत्याभोवती फिरून बघतो, पोटाशी बोट खुपसतो. "एवढा ढेरपोट्या होतो मी?"

"होता."

"मग बरोबर आहे," तो म्हणतो, आणि पाना मागतो.

ती पाना देते. पाना तेरा नंबरचा आहे. तो चौदा मागतो. ती चौदा देते, तर हातात पुन्हा तेराच. गाडी आता पोर्चमध्ये नाही, कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या लांब टेबलावर उभी आहे, आणि टेबलाच्या दोन्ही बाजूंना रिकाम्या स्टुलांची रांग आहे. लिंकचा शेवटचा बोल्ट भोकात जात नाही. केसभर अंतर राहतं. वृंदा चाक उचलते, तर भोक खाली जातं. चाक सोडते, तर वर. तिला रडू येत नाही, राग येतो.

"तुम्ही धरा ना जरा."

"धरलंय की."

त्यानं काहीच धरलेलं नाही. खिडकीबाहेर बघत तो विचारतो, "जेवलीस का?"

असाच होता तो. ती कामाचं काही विचारायची आणि तो जेवणाचं बोलायचा. रिझर्व्हेशन कधीचं काढू, तर आज भाजी काय आहे. वृंदा बोल्ट टेबलावर आपटते. तो वाजत नाही.

"उदयभावजी संध्याकाळी गाडी न्यायला येणारेत," ती म्हणते. "देऊ का?"

"मागचं चाक उचल."

"मी काय विचारलं?"

"उचल तर."

ती उचलते. बोल्ट लोण्यात सुरी जावी तसा आत जातो, आणि तिला आणखीच चीड येते, कारण हे तिनं शंभर वेळा केलं होतं.

आता त्यांच्या आजूबाजूला उसाच्या गाड्या उभ्या आहेत. कारखान्याचा मोठा वजनकाटा. इथंच धैर्यशीलची नोकरी होती, काट्याची देखभाल त्याच्याकडं. ऊसवाले ट्रॅक्टरवर बसून शांतपणे वाट बघताहेत, एकालाही तोंड नाही, तरी सगळे कंटाळलेत हे कळतं. जमिनीतल्या लोखंडी फळीवर मोटरसायकल उभी आहे. पोतं नाही. वर काचेच्या खोलीत आकडा दिसतो आहे, नुसत्या गाडीचा.

"बसा," वृंदा म्हणते. "तुम्हीच बसा म्हणजे पोत्याची भानगड नको. मी मोजते."

तो पाय टाकून सीटवर बसतो. ती वर बघते. आकडा हलत नाही.

"नीट बसा. पाय जमिनीवर टेकवू नका."

"बसलोय की गं."

त्याचे दोन्ही पाय वर आहेत. ती वाकून स्प्रिंगकडं बघते. स्प्रिंग एका वेढ्यानंही दबलेली नाही. ती सीटवर त्याच्या शेजारी हात ठेवून दाबते तेव्हा मात्र दबते, हात काढला की वर येते. तिच्या नुसत्या हाताला दबणारी स्प्रिंग त्याला दबत नाही.

"काटा बिघडलाय," ती म्हणते.

"मी लावलेला काटा आहे. बिघडत न्हाई."

"मग?"

पहिल्यांदाच तो जेवणाचंही विचारत नाही. मागचा एक ट्रॅक्टर हॉर्न देतो, तो घरच्या पंख्यासारखा कुरकुरतो.

"सरळ उत्तर द्यायचंच नाही, असं ठरवलंय का तुम्ही?" वृंदाचा आवाज चढतो. कॉलेजात तो कधी चढत नाही. "दोन वर्षं मी एकटी बघतेय. सगळं कागदाप्रमाणं केलं. अंतर जुळतं, आणि गाडी उडते. मी तीनदा उघडली. बुश चुकले म्हटलं, लिंक उलटे लागले म्हटलं. तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही बोलला नाहीत."

"तुला न्हवतं ठाऊक?"

प्रश्न सोपा आहे. पहिल्या वर्षाच्या मुलीनं उत्तर दिलं असतं. नव्वद किलोला बसवलेली स्प्रिंग पन्नास किलोच्या बाईला फेकणारच. बुशांत दोष नव्हता, लिंकांत नव्हता. हे तिला पहिल्या दिवशी, कोपऱ्यावरून परत येतानाच कळलं होतं, आणि घरी येऊन तिनं पोतं भरलं होतं.

"होतं," ती म्हणते.

"मग पोतं कशाला?"

"मोजायला दोन माणसं लागतात. एक बसायला, एक वाकायला. भावजींना बोलवलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, कुणाच्या वजनाला लावताय."

"विचारलं असतं तर?"

वारा सुटला आहे. पठारावरचं पिवळं गवत गुडघ्याएवढं आहे, काटा नाही, ट्रॅक्टर नाहीत, मात्र काचेच्या खोलीतला आकडा हवेत तसाच लोंबतो आहे. धैर्यशील गाडीवरून उतरतो. तो उतरल्यानंही स्प्रिंग हलत नाही.

"बस, प्राध्यापक," तो म्हणतो. लग्नानंतर वर्षभर तो तिला याच नावानं चिडवायचा. पुढं सोडून दिलं होतं.

"माझे पाय नीट पुरत नाहीत."

"एक पुरतो की. एकावरच उभं राहायचं असतंय."

ती बसते. सीट तिच्याखाली थोडी दबते, फारच थोडी. आकडा बदलतो. मागं तो वाकल्याचं तिला कळतं, पट्टी ओढल्याचा ओळखीचा आवाज येतो, आणि मग बटण दाबल्याचा, तो ठाम खटका, जो घरात तिनं दोन वर्षांत ऐकलेला नाही.

"किती?" ती विचारते.

"हलू नको."

"किती आलं, सांगा ना."

"हलू नको म्हटलं ना, आकडा जाईल."

ती हलत नाही. मान वळवावीशी वाटते, तरी वळवत नाही. गवत हलतं, कुरकुरतं, एका फेरीत एकदा.

पंखा. पोर्च. मान आखडली आहे आणि ऊन पायापर्यंत आलं आहे. खांबाला बांधलेली गाडी, सीटवर पोतं. फाटकाशी टेम्पो थांबल्याचा आवाज होतो.

वृंदा उठायला जाते आणि मांडीवरून काहीतरी जड घरंगळतं. टेप. पट्टी बाहेर आहे, ताठ, लांब, आणि आत जात नाही. लाल बटण तळापर्यंत बसलेलं आहे. ती आकडा वाचते. पोत्याखाली दर वेळी यायचा तो नाही. त्याहून तीन बोटं जास्त, हलकं माणूस बसलं तर यावा तेवढा. हे अंतर तिनं कधी मोजलेलं नाही. एकटीला मोजता येतच नाही. झोपेत कोपर पडला असेल बटणावर, असं एक स्पष्टीकरण तिला सुचतं. ती ते बाजूला ठेवते.

उदय दोर खांद्यावर टाकून आत येतो. पोत्याकडं बघून हसू दाबतो. "वहिनी, ह्याला पण न्यायचं का सोबत?"

ती पोतं सीटला बांधणाऱ्या दोरीची गाठ सोडते. पोतं धप्पकन फरशीवर पडतं आणि गाडीचं मागचं अंग सावकाश वर येतं. मग ती टेप उदयच्या हातात देते. तो सवयीनं बटण वर करू बघतो, अंगठा लाल होईपर्यंत.

"अडकलंय की हे. लई जोरानं दाबलंय कुणीतरी."

"राहू दे तसंच. आधी तो आकडा बघून ठेवा," वृंदा म्हणते. ती साडीचा पदर खोचते, हँडल धरते, पाय टाकून सीटवर बसते. एक पाय जमिनीला पुरतो.

"आता वाका आणि त्याच पट्टीनं मोजा, भावजी. हिला मऊ स्प्रिंग मागवायचीय, माझ्या वजनाची. गाडी कुठं जाणार नाही. ती मी चालवणार, आणि उद्याचा हार मीच घालणार."