कुमुदताई हाक मारतात

डॉ. कुमुद आठल्ये यांची आणि माझी ओळख एका रिकाम्या खोक्यामुळे झाली. स्टुटगार्टच्या आमच्या मंडळाचा शाडूचा गणपती त्या वर्षी मी पुण्याहून विमानानं, स्वतः बनवलेल्या खोक्यातून आणला होता. माझा धंदाच तो. नेकारसुल्मच्या बाजूला एका कंपनीत गाड्यांच्या सुट्या भागांसाठी मी आयुष्यभर खोकी बनवली. सोंड, कान, हातातला मोदक, सगळं शाबूत पोचलं होतं आणि लोक मूर्तीचं कौतुक करत होते. एक पांढऱ्या केसांच्या बाई मात्र सुती साडीवर धावायचे बूट घालून, मूर्तीकडे पाठ करून, कोपऱ्यातल्या खोक्यात डोकावत होत्या.

"हे कुणी केलं?"

"मी."

"कवटी बसेल का हो यात?"

आता सांगा, आरतीच्या रांगेत उभं राहून विचारायचा प्रश्न आहे का हा! मी काहीतरी थट्टेनं बोलणार होतो, पण त्यांचा चेहरा बघून सरळ "बसेल" म्हणालो. पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला आपल्या संग्रहालयाच्या डेपोत नेलं. ताईंच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या संशोधनावर मान्यवर लिहितीलच. तो माझा प्रांत नाही. मी ताईंची खोकी बनवणारा माणूस आहे आणि मला जे दिसलं तेवढंच सांगणार आहे.

ताईंचं बालपण दाभोळच्या खाडीकाठी गेलं. फिरंग्यांनी दाभोळ बंदर जाळलं, माणसं कापली, हे आपण शाळेत एका ओळीत शिकलो आणि परीक्षा झाल्यावर विसरलो. ताई विसरल्या नाहीत. इतिहासाच्या डॉक्टरेटसाठी जर्मनीत आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की फिरंग्यांच्या त्या सुरुवातीच्या आरमारांत इथल्या, दक्षिण जर्मनीतल्या सावकारांचाही पैसा होता. "म्हणजे बघ, मी उलट्या वाटेनं पैशाच्या गावी येऊन पोचले," असं त्या म्हणायच्या. पुढे एका संग्रहालयात त्यांना नोकरी मिळाली आणि परदेशांहून आलेल्या वस्तू कुठून, कशा आल्या हे शोधणं हेच त्यांचं काम झालं. निवृत्तीनंतरही त्या तिथे जात राहिल्या, बिनपगारी.

डेपो म्हणजे तळघर. लोखंडी फडताळं आणि त्यांवर करड्या पुठ्ठ्याची खोकी. आत कवट्या. मी आपला आमच्या धंद्यातल्या सवयीनं विचारून गेलो, "नग किती आहेत एकूण?" ताई अशा तडकल्या की काही विचारू नका. "नग? तुझ्या आजोबांना नग म्हणशील का रे तू?" त्या क्षणापासून मी 'अहो'चा 'अरे' झालो तो आजतागायत. आणि त्या दिवसापासून मीही, ताईंसारखंच, 'मंडळी' म्हणू लागलो.

ही मंडळी पॅसिफिकमधल्या एका बेटावरची. बेटाचं नाव तिथल्या लोकांच्या इच्छेवरून लिहीत नाही. जर्मनीचा झेंडा तिथे लागला होता त्या काळात एक शोधमोहीम बोटीनं गेली. त्या बेटावर आईवडिलांचं, आजोबा-पणज्यांचं, अकाली गेलेल्या मुलांचंही शीर घरातच ठेवतात, आपण देवघर राखतो तशी जागा राखून. बोटीवरच्या लोकांनी गावाला सांगितलं, मोठी साथ येते आहे, पलीकडच्या किनाऱ्यावर जा. बायामाणसं पोरंबाळं घेऊन गेली. परत आली तेव्हा घराघरातल्या त्या जागा रिकाम्या होत्या आणि बोट निघून गेली होती. साथबीथ काही नव्हती. हे ताईंनी मला सांगितलं तेव्हा मी हातातली मोजपट्टी खाली ठेवली आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. मला शरम वाटली, कशाची ते सांगता येणार नाही.

वरच्या दालनात त्या कप्तानाची मोठी तसबीर होती. एकदा एक शिक्षक मुलांना घेऊन आले होते आणि यांनी अमुक बेटाचा शोध लावला असं सांगत होते. ताई मागून म्हणाल्या, अगदी गोड जर्मनमध्ये, "म्हणजे ते हरवलं होतं का? तिथे राहणाऱ्यांना तर ते कुठे आहे ते माहीत होतं." मुलं हसली, शिक्षक लालबुंद झाले. मंडळींना घरी पाठवा, हे ताई संग्रहालयात वर्षानुवर्षं सांगत राहिल्या. कुणी ऐकून घेतलं नाही, कुणी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ताईंनी चिकाटी सोडली नाही आणि शेवटी मंजुरी मिळवलीच.

खोकी चालू असतानाच सांगलीला माझी आई गेली. तेव्हा कोरोनामुळे विमानं बंद होती. अंत्यदर्शन मोबाइलवर घेतलं. माझी लेक शेजारी बसून जर्मनमध्ये काहीबाही समजूत घालत होती आणि मला एका शब्दाचं उत्तर देता येत नव्हतं. ताई डबा घेऊन आल्या आणि शेजारी बसून राहिल्या. सर्वपित्री अमावास्येला मला नेकार नदीच्या काठी घेऊन गेल्या आणि माझ्या आईला तिळाचं पाणी द्यायला लावलं. मग स्वतःच्या ओंजळीत पाणी घेतलं. बाईनं तर्पण करायचं नसतं म्हणून मंडळातल्या काहींनी नाकं मुरडली होती. ताईंनी कुणाला धूप घातला नाही. डेपोतल्या मंडळींसाठी त्या दरवर्षी हे करत असत. "ज्यांचं कुणी नाही त्यांनाही आपल्यात पाणी देतात ना? मग?" असं म्हणून त्या पाणी सोडत आणि मोठ्यानं सांगत, "इथे अडकू नका. जा, सुखानं पुढे जा." मला ते फार थोर वाटलं होतं. मीही हात जोडले होते.

पुढचं लिहू का, असं मी ताईंना विचारलं. उत्तर आलं, "माझ्यावर लिहायचंच असेल तर तेच लिही. नाहीतर लिहूच नकोस."

बेटावरून मंडळींना न्यायला दोघं आले. एक वयोवृद्ध आजी, जिच्या घराण्यातली ही माणसं, आणि तिचा भाचा. तो शाळामास्तर, इंग्रजी बोलणारा. दुसऱ्या दिवशी समारंभ होता. माझी खोकी तयार होती, आत प्रत्येकाच्या मापाचा मऊ फोम कापलेला. आदल्या दुपारी चहाला आम्ही एकत्र बसलो. आजींच्या डोळ्यांत पाणी होतं, ते बघून ताईंना राहवलं नाही. त्या म्हणाल्या, "काळजी करू नका. इथे ही बेवारशी नव्हती. आमच्या रीतीप्रमाणे मी दरवर्षी त्यांना पाणी दिलं, निरोप दिला. म्हटलं, सुखानं पुढे जा."

भाचा दुभाष्याचं काम करत होता, तो अडखळला. मग त्यानं ते आजींना सांगितलं. आजींनी कप खाली ठेवला.

"पुढे म्हणजे कुठे?"

ताईंनी भाच्याकडे पाहिलं.

"कुठे पाठवलंत तुम्ही त्यांना?"

त्यांच्याकडे गेलेलं माणूस कुठेही जात नाही. ते घरातच राहतं. त्याला रोजची हकिकत सांगतात, मासे मिळाले का ते सांगतात, नातसून आली तर दाखवतात. त्याला 'जा' असं कुणी चुकूनही म्हणत नाही. "बोटीवरच्यांनी नेलं तरी आम्ही धीर धरला," आजी म्हणाल्या, "कारण त्या हाडांत आमची माणसं होती. आता आत कुणी आहे की नाही हेच मला माहीत नाही. रिकामी हाडं घेऊन मी घरी जाऊन काय सांगू?" आणि त्या उठून गेल्या. भाचा जाताना म्हणाला, उद्याचं काही खरं नाही.

ताईंना मी घरी सोडलं. एस-बानच्या लोकलमध्ये त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. म्हणाल्या, "सुधीर, त्या बोटीवाल्यांनी हाडं नेली रे. मी माणसं घालवली."

"ताई, तुमचा हेतू चांगला होता."

"त्यांचाही होता, त्यांच्या मते. विज्ञानासाठी नेत होते म्हणे."

मोठमोठ्या पदव्यांची माणसं मी जवळून पाहिली आहेत. चूक झाली की आधी तिचं कारण सांगतात. ताई सकाळी आजींच्या हॉटेलवर गेल्या आणि एवढंच म्हणाल्या, "चुकलं माझं. काय करू ते सांगा." तर्पण म्हणजे काय, आपल्याकडे त्याचा अर्थ काय, यातलं अवाक्षर त्यांनी काढलं नाही. आजींनी त्यांना समोर बसवलं. मग म्हणाल्या, "जिथून पाठवलं तिथून बोलवा. ज्या भाषेत पाठवलं त्याच भाषेत. त्यांना तुमचाच आवाज ओळखू येईल."

आम्ही चौघं नेकारच्या काठी गेलो. सायकलवाले जात होते, खडीनं भरलेली एक बोट संथ चालली होती. ताई पाण्याजवळ उभ्या राहिल्या. आजी एकेक नाव कानात सांगत होत्या, आणि आमच्या कोकणातल्या ताई ती परकी नावं घेऊन, अंगणातून जेवायला बोलवावं तशा, मराठीत हाका मारत होत्या. "या हो. घरचे न्यायला आलेत. मी जा म्हटलं ते चुकलं माझं. परत या." आवाज फाटला तरी थांबल्या नाहीत. मी रडत होतो, मला कशाची लाज वाटली नाही.

डेपोत आजींनी एकेका खोक्यावर तळवा ठेवला, वाकून काही पुटपुटल्या, आणि मान हलवली. आहेत. आलेत. माझ्या जिवात जीव येत होता. शेवटचं खोकं सर्वांत लहान. ते शीर पाच-सहा वर्षांच्या मुलाचं होतं. आजींनी हात ठेवला, वाट पाहिली, पुन्हा हाक मारली. मग हात काढून घेतला.

"हा नाही आला."

ताई त्या खोक्याजवळ खाली बसल्या. आजीच म्हणाल्या, "मोठी माणसं जा म्हटलं तरी रेंगाळतात, मागे वळून बघतात. मूल सांगितलं की लगेच जातं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

वर फोटोवाले खोळंबले होते. संचालकांनी ताईंना बाजूला घेतलं. "फ्राउ आठल्ये, तोही आला म्हणून वर सांगून टाका ना. कागद पूर्ण आहेत, आणि कळणार कुणाला?" ताईंचं उत्तर मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. "नेताना खोटं सांगूनच नेलं होतं. परत पाठवतानाही खोटंच सांगू?" ताईंच्या साऱ्या आयुष्याचं काम मला त्या एका उत्तरात दिसलं.

बाकीची मंडळी घरी पोचली. एक खोकं डेपोत राहिलं आहे, आजींच्याच सांगण्यावरून. त्याला असा रिकामा नेणार नाही, असं त्या म्हणाल्या.

ताई आता दर रविवारी नदीवर जातात. बर्फ असो, पाऊस असो. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या घशाचं दुखणं बळावलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, आवाज जपा, नाहीतर तो राहणार नाही. तेव्हापासून ताई आठवडाभर कुणाशी बोलत नाहीत. फोन उचलत नाहीत, भेटल्या तर मान हलवतात, काही हवं असेल तर मोबाइलवर लिहून दाखवतात. ताई हल्ली शिष्ट झाल्या, असं मंडळात काही लोक म्हणतात. म्हणोत बापडे. जेवढा आवाज उरला आहे तो त्यांनी रविवारसाठी ठेवला आहे. मी कधीकधी बरोबर जातो. त्या मुलाला नावानं हाक मारतात, ये रे बाळा म्हणतात, थांबतात, ऐकतात, पुन्हा हाक मारतात. मग आम्ही डेपोत जातो. ताई खोक्यावर हात ठेवून बसतात. अधूनमधून भाच्याचा फोन येतो, आजी विचारतायत म्हणून. तेवढ्या फोनपुरतं ताई तोंड उघडतात आणि सांगतात, "अजून नाही."

पंचाहत्तरीच्या लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतण्याची रीत आहे. मी रीत म्हणून चिंतत नाही, मला भीती वाटते म्हणून चिंततो. आजींनी सांगितलं आहे, ते मूल दुसऱ्या कुणाचा आवाज ओळखणार नाही. म्हणून ताई, हात जोडून सांगतो, शंभर वर्षं जगा. गरम पाणी प्या, मफलर बांधा, आमच्याशी एक शब्द बोलला नाहीत तरी चालेल. घसा सांभाळा. पोर अजून यायचं आहे.